परिसर-अभ्यास : गावचा वीरगळ

वेशीजवळ, मारुतीच्या पाराशी अथवा पडक्या शिवालयासमोर कोरीव उभे दगड पुष्कळ गावी आढळतात. कोठे त्यांस शेंदूर लागतो, कोठे त्यांवर धुणे आपटले जाते. हे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांची स्मारके होत.

भेटीच्या वेळी मुलांना दगड खालून वर वाचावयास शिकवावे. तळच्या चौकटीत युद्ध व वीराचे मरण असते. तेथे गाई कोरल्या असल्यास तो गोधन राखताना पडला, असे समजतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्यास स्वर्गी नेतात. वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावरील चंद्रसूर्य, ते असेतो कीर्ती टिको, असे सुचवितात. मुंबईत बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे! बहुतेक वीरगळांवर नाव नसते. वडीलधाऱ्यांकडून कथा मिळाल्यास ती ऐकीव म्हणूनच वहीत उतरावी.

दगड घासू नये, रंगवू नये. उत्साहाच्या भरात शाळेच्या आवारात तर मुळीच आणू नये. जागा सुटली की त्याची निम्मी साक्ष गेली. मुलांकडून चित्र काढवून लांबीरुंदी मोजून घ्यावी. रस्त्याच्या भरावात तो गाडला जाण्याचा संभव दिसल्यास ग्रामपंचायतीस तत्काळ लेखी कळवावे.