आधी शून्य, मग बेरीज

मुलांनो, जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आष्टी नावाचे गाव आहे. तेथील एक शेतकरी तुरीची चार पोती घेऊन आडतीवर गेला आहे, असे समजा. मापाडी पहिले पोते उचलतो. त्या वेळी शेतकरी काय पाहतो? काटा शून्यावर आहे की नाही, हे पाहतो. तुमच्या उर्दूत शून्याला 'सिफर' म्हणतात. काट्यावर सिफर दिसल्याशिवाय शहाणा माणूस पोते ठेवू देत नाही.

आता हीच बेरीज संगणकाकडून करून घेऊ. त्यासाठी तुम्ही सी भाषेत प्रोग्राम लिहिला. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास तयार केली. बेरीज ठेवायला तुम्ही संगणकाच्या स्मृतीत एक जागा मागितली. अशा जागेला 'चल' म्हणतात. नवी जागा रिकामीच असेल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नसते! वर्गातला फळा आठवा. आधीच्या तासाचे गणित कोणी पुसले नाही, तर ते तसेच राहते. फंक्शनच्या आत मागितलेल्या जागेतही आधीच्या कामाची एखादी संख्या पडून असू शकते.

पोत्यांची वजने ४८, ५१, ५० व ४७ किलो आहेत. खरी बेरीज १९६. पण त्या जागेत आधीच उणे ७ असेल, तर उत्तर १८९ येईल. सात किलो तुरीचे पैसे गेले! पावती संगणकाची, म्हणून कोणी शंकाही घेणार नाही. याहून वाईट म्हणजे, तेथे योगायोगाने शून्य असेल, तर उत्तर बरोबर येते. दहा वेळा बरोबर आणि अकराव्या वेळी चूक! अशी चूक शोधताना जाणती माणसेही रडकुंडीला येतात.

उपाय सोपा आहे. जागा मागतानाच लिहावे : बेरीज = ०. यालाच चलाला आरंभीची किंमत देणे म्हणतात. जावा भाषेत फंक्शनच्या आतील चल किंमत न देता वापरला, तर प्रोग्राम चालूच होत नाही. सी भाषेत फार तर इशारा मिळतो.

मात्र दर वेळी शून्यच चालते असे नाही. सर्वांत हलके पोते शोधायचे आहे. आरंभी शून्य घातले, तर शून्याहून हलके पोते मिळणार कोठून? तेथे पहिल्या पोत्याचे वजन, म्हणजे ४८ घालावे व उरलेली तीन वजने त्याच्याशी ताडून पाहावीत. गुणाकार करायचा असेल, तर १ घालावा. तेथे शून्य घातले तर काय होईल, ते वहीत करून पाहा.