सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट: आठवड्यातून एकदाच

सोरायसिस संसर्गजन्य नाही. रुग्णासोबत जेवल्याने किंवा त्याचे कपडे वापरल्याने तो कोणालाही जडत नाही. या आजारात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेविरुद्ध अकारण सक्रिय होते. ‘टी-पेशी’ नावाच्या पांढऱ्या पेशी दाह चालू ठेवतात. त्यामुळे एरवी सुमारे महिनाभरात नवी होणारी वरची त्वचा काही दिवसांतच तयार होऊन तिचे थर साचतात.

चट्टे अंगभर पसरले किंवा सांधे धरले, तर केवळ मलम पुरत नाही. अशा वेळी डॉक्टर अनेकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या देतात. हे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींतील फोलेटच्या कार्यात अडथळा आणते आणि चेतावलेल्या टी-पेशींना आवरते. गुण येण्यास काही आठवडे लागतात.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रक्तदाबाची व मधुमेहाची गोळी रोज घेण्याची घरोघरी सवय असल्याने येथे चूक होते, आणि ती साधी नसते. रोज घेतल्यास अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते व प्राणावर बेतू शकते. म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून घ्यावे, दिनदर्शिकेवर खूण करावी. सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी घेण्यास सांगितली जाते. दोन्ही गोळ्या सारख्या दिसू शकतात, तेव्हा त्या एकाच डबीत ठेवू नयेत. मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

या उपचाराने प्रतिकारशक्ती संपत नाही, मात्र काहीशी दबते. पूर्वी क्षयरोग झाला असल्यास किंवा घरात क्षयरुग्ण असल्यास ते आधीच सांगावे. दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. जिवंत जंतूंपासून बनवलेल्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ताप, तोंड येणे, कोरडा खोकला, धाप, सहज रक्तस्राव किंवा कावीळ दिसल्यास पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. तोंड आले की उष्णता म्हणून सोडून देण्याची आपली रीत आहे. या औषधावर असताना ती चालणार नाही.

मद्य वर्ज्य करावे. दुकानातून परस्पर वेदनाशामके किंवा को-ट्रायमोक्साझोल घेऊ नये. गर्भवती व स्तनदा मातांना हे औषध देत नाहीत. मूल हवे असल्यास पती-पत्नी दोघांनीही आधी सल्ला घ्यावा. रक्त, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, बरे वाटत असले तरी, ठरल्या वेळी कराव्यात.