मेंटर झालेल्या भाचीस

वर्धा

चि. मृणाल हिस,


नागपुरात नोकरीला लागल्या लागल्या वीस पोरांची मेंटर झालीस आणि ‘मला समुपदेशन कुठं येतं?’ म्हणून घाबरलीस, हे उत्तमच. आपल्याला येतं असं समजणारे मास्तर जास्त धोक्याचे. समुपदेशन हे तुझं कामही नाही. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये बजावलंय. तुमच्याकडे नसेल तर प्राचार्यांना विचार. नवी आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

तू लक्ष ठेव. गडचिरोली, गोंदियाकडून येऊन रूम करून राहणाऱ्या पोराची हजेरी गळायला लागली की आपण नोटीस काढतो. त्याआधी एकदा बोलव, पण कँटीनमध्ये नको, चार जण बघतात. उलटतपासणीही नको. ‘दिसला नाहीस बरेच दिवस, जेवतोस कुठं?’ एवढ्यानं सुरुवात होते. मेस सोडली म्हणाला तर बहुधा महाडीबीटीची शिष्यवृत्ती अडकलेली निघेल. मग मनाच्या गोष्टी राहू दे, त्याच्यासोबत ऑफिसात बाबूकडे जा. निम्मी पोरं तेवढ्यानंच जरा सावरतात, असं मला वाटतं.

पण झोप उडालेली, बोलणं तुटलेलं, ‘माझा सगळ्यांना त्रासच आहे’ अशी भाषा दिसली, तर सरळ विचार: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं ते डोक्यात शिरतं, ही समजूत खोटी आहे. आणि असं विचारणं फार टोकाचं वाटत असेल तर एवढं ध्यानात ठेव, की 2022 साली देशात विद्यार्थ्यांच्या सर्वाधिक आत्महत्या आपल्याच राज्यात नोंदल्या गेल्या, 1,764. ‘हो’ म्हणाला तर आईबापाचे कष्ट सांगू नकोस, ते ओझं घेऊनच तो बसलेला असतो. त्याला एकटं सोडू नकोस. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस, गरज असेल तेवढ्यांनाच सांगीन म्हण. तिथूनच 14416 लावून दे. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे ती, चोवीस तास, फुकट, मराठीतून.

डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर आपल्या नागपूरची एक अडचण आहे. मनोरुग्णालय 1864 पासूनचं, पण तिथल्या चौकाला लोक अजून पागलखाना चौकच म्हणतात. ऑटोवाल्याला पत्ता सांगतानाच पोरगं ओशाळतं. म्हणून मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात ने. ‘मेडिकलला जाऊन येतो’ हे रूममेटला सांगता येतं, त्यात कुणी काही विचारत नाही. नुसती चिठ्ठी देऊन धाडू नकोस. पहिल्या वेळी तू स्वतः चल, रांगेत सोबत बस.

आणि हिवाळी परीक्षेचे निकाल लागतील त्या आठवड्यात रजा टाकू नकोस. बॅकलॉग लागलेली पोरं नेमकी तेव्हाच वर्गाकडे फिरकत नाहीत. त्यांची नावं आधीच वहीत लिहून ठेव.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा