फ्युएल टेबलला हात लावण्याआधी : इंजिन ट्यूनिंगचा खरा खर्च

इंजिन ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर कितीला पडतं, असं विचारणाऱ्याला आधी एक गोष्ट सांगायला हवी. या सगळ्या खटाटोपात सॉफ्टवेअर हीच सर्वांत स्वस्त वस्तू आहे. पैसे लागतात ते मोजण्यासाठी, आणि मोजण्यात काटकसर केली की पिस्टनवर बेततं. खाली दिलेल्या किमती ढोबळ आहेत; डॉलरचा भाव आणि विक्रेता यांप्रमाणे त्या वरखाली होतील.

रस्त्यावरच्या, कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय किंवा पिकअप मंदावलाय, एवढीच तक्रार असेल तर ट्यूनिंगच्या वाटेला जाऊच नका. पाचशे ते दीड हजार रुपयांचं ओबीडी डोंगल घ्या. बीएस ६ दुचाकींपैकी बऱ्याच गाड्यांना सहा पिनांचा लाल कनेक्टर असतो, त्यासाठी जोडवायर वेगळी लागते. मोबाइलवरच्या ॲपमध्ये अर्ध्या तासाचा लॉग घ्या आणि ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ हा आकडा पाहा. तो शून्याच्या आसपास, फार तर पाच टक्के इकडेतिकडे असेल, तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आपलं काम नीट करतोय. अधिक १५ किंवा त्याहून वर गेला असेल तर कुठेतरी हवा शिरतेय, इंजेक्टर तुंबलाय किंवा पंपाचा दाब कमी पडतोय. तो दोष मेकॅनिककडून काढून घेणं हाच इलाज आहे. बिघाड तसाच ठेवून वरून मॅप (ईसीयूतलं इंधनाचं टेबल) बदलणारा ट्यूनर तुमचे पैसे घेतो आणि रोग झाकतो.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता आहेच.

टेबल स्वतः भरण्याची खरी गरज कुणाला पडते? फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचं एकसिलिंडरी इंजिन यांतले अनेक संघ वापरतात. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून आत घ्यावी लागते. मूळ ईसीयूतला हिशेब मोकळ्या श्वासाच्या इंजिनासाठी केलेला असतो, तो इथे चालत नाही. टेबल नव्याने बांधावंच लागतं.

त्यासाठी प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू हवा. अर्डुइनो मेगावर चालणारा, मुक्त स्रोत असलेला स्पीडुइनो तयार बोर्ड आणि वायरिंगसकट १५ ते २५ हजारांत उभा राहतो. सीलबंद मायक्रोस्क्वर्ट परदेशातून मागवायचा तर चारशे डॉलरच्या आसपास किंमत, त्यावर कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी. ४५ ते ५५ हजार धरून चाला. वायरिंग नीट करणारा हात संघात असेल तर माझं मत स्पीडुइनोच्या बाजूने आहे. वाचलेले पैसे पुढच्या वस्तूवर घाला.

ती वस्तू म्हणजे वाइडबँड सेन्सर. गाडीतला साधा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी), एवढंच सांगतो. किती, ते सांगत नाही. फुल थ्रॉटलला हा ‘किती’च हवा असतो. बॉश एलएसयू ४.९ सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर मिळून १८ ते २८ हजार पडतात. सेन्सरच्या नकला बाजारात भरपूर आहेत, म्हणून बिल देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. बसवताना त्याचं तोंड पाइपमध्ये खाली झुकलेलं हवं, म्हणजे साचलेलं पाणी त्यावर पडत नाही. इंजिन चालू असताना सेन्सरचा हीटर बंद ठेवू नका, काजळी बसून तो मरतो. पाइपच्या जोडातून गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर खोटंच लीन दाखवतो.

आता सॉफ्टवेअर. स्पीडुइनो आणि मायक्रोस्क्वर्ट दोन्हीसाठी ट्यूनरस्टुडिओ चालतं, विंडोज, मॅक, लिनक्स कशावरही. मोफत आवृत्तीत टेबल बदलता येतं, लॉगही घेता येतो. चालत्या इंजिनावर टेबल आपोआप दुरुस्त करणारं ‘व्हीई ॲनालाइझ लाइव्ह’ मात्र पैसे भरलेल्या आवृत्तीत आहे. साधारण ७० ते १०० डॉलर, म्हणजे सहा ते नऊ हजार रुपये. पहिले काही आठवडे मोफत आवृत्तीवरच काढा. हाताने टेबल सुधारल्याशिवाय आपोआप होणारी दुरुस्ती बरोबर की चूक, हे ओळखता येत नाही.

हाताने करायचं गणित सोपं आहे. टेबलच्या आडव्या बाजूला आरपीएम, उभ्या बाजूला लोड. एकसिलिंडर इंजिनात मॅनिफोल्डचा दाब फार हेलकावे खातो, म्हणून लोडसाठी थ्रॉटलचा कोन घेणं बरं. समजा ६,००० आरपीएम आणि ८० टक्के थ्रॉटलच्या घरात ६२ हा आकडा आहे. हवं होतं हवा आणि पेट्रोलचं १२.८ गुणोत्तर, लॉगमध्ये आलं १४.२. मग ६२ गुणिले १४.२ भागिले १२.८, म्हणजे ६८.८. इंजिन लीन होतं, आकडा वाढला. १६ गुणिले १६च्या टेबलमध्ये २५६ घरं असतात, पण इंजिन बराच वेळ त्यांतल्या थोड्याच घरांत राहतं. आधी तीच भरा आणि उरलेली त्यांच्या उतारावरून जुळवून घ्या.

लॉग गाळल्याशिवाय हे गणित लावू नका. इंजिन ७० अंशांच्या वर तापलेलं हवं. थ्रॉटल झटकन पिळल्याचे आणि सोडून दिल्याचे क्षण वगळा. प्रत्येक घरात काही सेकंद स्थिर राहिलेली नोंदच धरा, कारण धूर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. सर्वांत फसवा प्रकार मिसफायरचा. न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, मीटर लीन दाखवतो आणि आपोआप दुरुस्ती आणखी पेट्रोल ओतत राहते. एका घराचा आकडा शेजारच्यांपेक्षा भलताच उंच गेलेला दिसला तर टेबल सोडा, स्पार्क प्लग पाहा.

आपल्याकडे सध्या यात ई२० पेट्रोलची भर पडली आहे. निव्वळ पेट्रोलचं आदर्श गुणोत्तर १४.७, वीस टक्के इथेनॉल असेल तर सुमारे १३.५. वाइडबँड मुळात लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले आदर्श गुणोत्तर, मोजतो आणि पेट्रोल गृहीत धरून त्याला १४.७ने गुणून आकडा दाखवतो. म्हणून सरळ लॅम्डातच काम करा. फुल लोडला ०.८६ ते ०.९० ही सुरुवातीला सुरक्षित पट्टी आहे. ई१० वर बांधलेला मॅप ई२० वर सुमारे चार टक्के लीन पडतो.

वायर, कनेक्टर, तापमानाचे सेन्सर यांना आठ ते बारा हजार, डायनोला (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राला) पंधरा ते पंचवीस हजार ठेवा. स्पीडुइनोच्या वाटेने सगळं मिळून ६० हजार ते एक लाख, मायक्रोस्क्वर्टने लाख ते सव्वा लाख. डायनोचा दर तासावर आहे की दर रनवर, पेट्रोल कुणाचं आणि वाइडबँडचा आलेख मिळणार का, हे आधी विचारा. आणि ट्यूनरकडून काम करून घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी ताब्यात घ्या: काम सुरू होण्याआधीचा मॅप, शेवटचा मॅप (ट्यूनरस्टुडिओत ही एमएसक्यू फाइल असते) आणि शेवटच्या रनचा लॉग. जीएसटीचं बिल मागा. फाइल आपल्या मालकीची आहे असं सांगून ट्यूनर ती द्यायला नकार देऊ शकतो, म्हणून ती मिळण्याची अट काम देण्याआधीच लेखी ठरवून घ्या. ठरल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.