पदवीधर आणि त्याचे विद्यापीठ

पदवीदान समारंभ आटोपला, प्रमाणपत्र हाती पडले, म्हणजे विद्यापीठाशी असलेला आपला संबंध संपला, अशी समजूत आपल्या तालुक्यात सर्वत्र आढळते. प्रमाणपत्र पेटीच्या तळाशी जाते. नोकरीच्या अर्जास त्याची नक्कल जोडावयाची असली तेवढ्यापुरते वर येते, आणि पुन्हा तळाशी जाते. या समजुतीबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही, कारण याहून निराळे काही असते हे बहुतेकांस कोणी सांगितलेलेच नसते. कायदा मात्र तसे मानीत नाही. विद्यापीठाच्या कारभारात बोलण्याचा अधिकार त्याने पदवीधरास दिलेला आहे. तो आपोआप मिळत नाही, मागून घ्यावा लागतो, इतकेच. तो अधिकार कोणता, तो कसा उत्पन्न झाला, आणि पारोळ्यासारख्या गावास त्याचा उपयोग काय, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. विद्यार्थी मित्रांस हा विषय लांबचा वाटेल. पण आज दहावीत बसलेला मुलगा पाच-सहा वर्षांत पदवीधर होतो. आणि त्याच्या घरी आई, वडील किंवा थोरली बहीण आधीच पदवीधर असण्याचा संभव आता पुष्कळ आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याचा कारभार ‘फेलो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सभासदांच्या हाती होता, व ते बहुतकरून सरकार नेमीत असे. १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चार नावे होत. रानडे व भांडारकर हे पुढे स्वतःच त्या विद्यापीठाचे फेलो झाले. ज्या बाकावर बसून परीक्षा दिली त्याच संस्थेच्या सभागृहात बसून ती कशी चालावी याचा विचार करण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि ती त्यांनी मनापासून पतकरली. १८९३ साली भांडारकर त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी, १८९२ साली, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे कुलगुरू झाले होते. कुलगुरुपदी बसलेले ते पहिले भारतीय, आणि तेही याच विद्यापीठाचे पदवीधर.

रानड्यांनी तेथे जे केले ते आपणां मराठी विद्यार्थ्यांस विशेष जवळचे आहे. विद्यापीठाच्या आरंभीच्या काही वर्षांतच उच्च परीक्षांतून देशी भाषा वगळण्यात आल्या होत्या. संस्कृतास स्थान होते, फारसीस होते, मराठीस नव्हते. मराठीत अभ्यास करण्याजोगे वाङ्मयच नाही, असा आक्षेप मोठमोठे विद्वान घेत. रानड्यांनी या आक्षेपास रागाने उत्तर दिले नाही. त्यांनी मराठी ग्रंथांची माहिती जमविली, मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिले, आणि सिनेटमध्ये हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले; त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस एम. ए. च्या परीक्षेत मराठीस प्रवेश मिळाला. पदवी घेतल्यास त्या वेळी जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती! विद्यापीठात काय शिकविले जाते हे अध्यापक जाणतात, हे खरे. पण तेथे काय शिकविले जात नाही याची उणीव, तेथून बाहेर पडून समाजात वावरलेल्या मनुष्यास अधिक जाणवते. पदवीधरास सभागृहात जागा असावी या मागणीचे सर्वांत बळकट कारण आमच्या मते हेच आहे.

१९०४ साली लॉर्ड कर्झन याच्या कारकिर्दीत भारतीय विद्यापीठांचा कायदा झाला. सरकारची पकड घट्ट करणारा म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात त्यास कसून विरोध केला, आणि तो विरोध रास्तच होता. फेलोंची संख्या शंभरांवर जाऊ नये असे ठरले, व त्यांतील बहुतेक नेमलेलेच राहिले. तथापि याच कायद्याने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे दहा जागा नोंदणी केलेल्या पदवीधरांनी निवडून द्याव्या असे कलम घालून दिले. नाव नोंदविण्यास एम. ए. अथवा त्याहून वरची पदवी तरी हवी, नाहीतर पदवी मिळून दहा वर्षे तरी झालेली हवीत, अशी अट होती. कावेबाज कायद्यातूनही कधी कधी एखादे चांगले बीज राहून जाते.

आपल्या खानदेशात महाविद्यालये उशिरा आली. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय व जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ सालची. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर खानदेश त्याच्याकडे गेला, आणि चाळीस वर्षे येथील पदव्यांवर पुण्याचे नाव राहिले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. ज्या माउलीस अक्षरओळख नव्हती तिच्या नावाने पदव्या दिल्या जातात. पदवीधराने आपल्या विद्वत्तेचा तोरा किती मिरवावा याचा अंदाज त्यावरून यावा.

आज महाराष्ट्रातील सरकारी विद्यापीठे २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतात. त्या कायद्यात सिनेटला अधिसभा म्हटले आहे. वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करणे, आणि चालू व भावी अभ्यासक्रमांविषयी समाजाचे म्हणणे विद्यापीठाच्या कानी घालणे, ही तिची मुख्य कामे. वर्षातून निदान दोनदा ती भरली पाहिजे. कुलपती, म्हणजे राज्यपाल, हे तिचे अध्यक्ष. ते नसतील तेव्हा कुलगुरू. प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक, विद्यार्थी यांचे प्रतिनिधी तीत असतातच. त्यांखेरीज दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या आहेत. पाच खुल्या, उरलेल्या पाच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया यांस एकेक. मुदत पाच वर्षांची. या दहांतून दोघे पुढे व्यवस्थापन परिषदेवर निवडले जातात, आणि रोजच्या कारभाराची खरी सूत्रे त्या परिषदेत हलतात.

मतदानाची रीत मात्र ग्रामपंचायतीच्या मतदानाहून वेगळी आहे. येथे फुली मारावयाची नसते. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालावयाचे असतात. खूण अथवा फुली केलेली पत्रिका बाद होते, व शिकलेल्या लोकांच्या निवडणुकीतही अशा पत्रिका निघतात हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. आता गणित पाहा. समजा, पाच जागांसाठी ६०० मते वैध ठरली. जागांत एक मिळवून सहाने भागावे, १०० आले. त्यांत एक मिळविला की १०१. इतकी मते ज्यास पडली तो निवडून आला. एखाद्यास पहिल्या पसंतीची १३१ मते पडली, तर त्याची जास्तीची ३० वाया जात नाहीत. त्याच्या मतदारांनी दुसरी पसंती ज्यांस दिली त्यांच्याकडे ती प्रमाणाने वळतात. सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद झाला की त्याचीही मते तशीच पुढे जातात. म्हणून थोड्या संख्येच्या पण एकविचाराच्या गटासही आपला एक मनुष्य निवडून आणता येतो. पारोळा, एरंडोल, अमळनेर या तालुक्यांतील पदवीधरांनी हे गणित नीट समजून घेतल्यास जिल्ह्याच्या ठिकाणचे संख्याबळ पाहून निराश होण्याचे कारण उरत नाही.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी, आणि विद्यापीठाची वेगळी. पहिली निवडणूक आयोग करतो, दुसरी विद्यापीठ. एकीत नाव आहे म्हणून दुसरीत असतेच असे नाही. पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ या भ्रमात निश्चिंत असतात.

इतर देशांतही ही पद्धत आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या देखरेख मंडळाचे सभासद १८६५ च्या कायद्यापासून तेथील पदवीधर निवडतात. त्या मंडळाचे काम मुख्यतः सल्ला देण्याचे व महत्त्वाच्या निर्णयांस संमती देण्याचे आहे. ऑक्सफर्डचा कुलपतीही पदवीधर निवडतात. २०२४ साली ते मतदान प्रथमच घरबसल्या संगणकावरून झाले.

अधिसभेच्या सभासदास सर्व काही करता येते असे मात्र कोणी समजू नये. अध्यापकांच्या नेमणुका, उत्तरपत्रिकांची तपासणी, अभ्यासक्रमांचा तपशील ही कामे निराळ्या मंडळांची आहेत. सभासद प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, अंदाजपत्रकावर बोलू शकतो. ज्यास बोलावयाचे नाही त्यास ही जागा केवळ नावापुढे लावण्याची एक ओळ होते. उमेदवार गटागटाने उभे राहतात, त्यांमागे राजकीय पक्षही असतात. त्यात आम्हांस मोठे पाप दिसत नाही. मत मागावयास आलेल्या जुन्या सभासदास मात्र दोन प्रश्न अवश्य विचारावे: गेल्या पाच वर्षांत आपण किती सभांस हजर होता, आणि कोणते प्रश्न विचारले?

विचारण्याजोगे प्रश्न आपल्या गावात थोडे नाहीत. निकाल लांबला, गुणपत्रिकेत नाव चुकले, की येथील विद्यार्थ्यास एरंडोल, पाळधी मागे टाकून गिरणाकाठी बांभोरीजवळील विद्यापीठाच्या कचेरीपर्यंत एस. टी. ने जावे लागते. शेतीच्या हंगामात तो एक दिवस मजुरीचाही जातो. तालुक्याच्या महाविद्यालयात कोणते विषय चालावे, शेतकऱ्याच्या मुलीस पदवीनंतरचे शिक्षण गावाजवळ मिळेल काय, हे सभागृहात मांडावयास गावाची माहिती असलेला मनुष्य लागतो.

यादीत नाव घालण्यासाठी विद्यापीठ नोंदणीची जाहिरात काढते तेव्हा ठरलेला अर्ज, पदवी प्रमाणपत्राची नक्कल व शुल्क द्यावे लागते. पत्ता बदलला असल्यास तोही कळवावा. दिवाळीच्या सुटीत आमच्या विद्यार्थ्यांनी एवढे काम करावे: आपल्या घरी व शेजारच्या दहा घरी किती पदवीधर आहेत, आणि त्यांपैकी कितींची नावे विद्यापीठाच्या यादीत आहेत, हे विचारून वहीत दोन रकान्यांत लिहून आणावे.