दुसऱ्या प्रतीची निगा: बोईसरच्या सर्व्हर रूममधले सात धडे

बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांचे डेटाबेस सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली. इथे औषधांचा कच्चा माल, रसायने, पोलाद, कापड असे कितीतरी बनते आणि प्रत्येक बॅच, गेटपास, हजेरी शेवटी कुठल्यातरी टेबलात जाते. मुख्य सर्व्हरवरचा प्रत्येक बदल लॉगमधून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवायचा आणि तिथे तसाच लागू करायचा, याला रेप्लिकेशन म्हणतात. ते सुरू करायला एक दुपार पुरते. ते वर्षानुवर्षे भरवशाचे ठेवताना जे कळले, ते इथे मांडतो.

१. कोणती नोंद पुन्हा मिळणार नाही, ते आधी विचारा.
पुरवठादाराचे बिल हरवले तर तो दुसरे देतो. ई-वे बिल सरकारी पोर्टलवर सापडते. रात्रपाळीत रिअ‍ॅक्टरचे तापमान नोंदले जाते, ती नोंद मात्र गेली की गेली. बॅचची नोंद अपुरी असेल तर औषधाचा तयार मालही अडकतो. जव्हार-मोखाड्याहून येणाऱ्या कंत्राटी कामगाराची हजेरी तशीच. त्याचा पगार आणि पीएफ तिच्यावर ठरतो आणि ती हरवली तर तोंडी सांगण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही. अशा टेबलांची यादी उत्पादन, लेखा आणि एचआर विभागांना सोबत बसवून करा. पुढचे निर्णय तिच्यावरून घ्या.

२. सगळ्या नोंदींना एकच नियम लावू नका.
असिंक्रोनस पद्धतीत मुख्य सर्व्हर प्रतीसाठी थांबत नाही. तो अचानक बंद पडला तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. सिंक्रोनस पद्धतीत प्रतीची पोच आल्यावरच नोंद पक्की होते. बोईसर ते मुंबई सुमारे शंभर किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. उपकरणांचा वेळ धरूनही हे परवडते. चेन्नईला हाच वेळ दहापटीहून जास्त होतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही निवड व्यवहारागणिक करता येते: बॅच आणि हजेरी सिंक्रोनस, अहवालांची टेबले असिंक्रोनस. सिंक्रोनस प्रत एकच असेल आणि ती बंद पडली, तर मुख्य सर्व्हरचे कामही अडते. म्हणून दोन ठेवा आणि त्यांपैकी कोणाही एकीची पोच पुरेशी धरा. आवृत्ती १० पासून ही सोय आहे.

३. तुटलेली केबल मुख्य सर्व्हरही बंद पाडू शकते.
बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग: आमच्या पालघर जिल्ह्यात खोदकाम सतत चालू आहे. जेसीबीने फायबर तोडली की प्रत मागे पडते, एवढेच अनेकांना वाटते. खरा धोका अलीकडच्या टोकाला असतो. रेप्लिकेशन स्लॉट वापरत असाल, तर प्रतीने न नेलेल्या वॉल फाइली, म्हणजे बदलांच्या लॉगच्या फाइली, मुख्य सर्व्हर साठवत राहतो. केबल दोन दिवस जोडली गेली नाही की डिस्क भरते, डेटाबेस थांबतो आणि गेटवर ट्रकांची रांग लागते.

पोस्टग्रेसच्या २०२०च्या आवृत्ती १३ पासून या साठ्याला मर्यादा घालता येते. ती अंदाजाने घालू नका. सर्वांत गर्दीच्या दिवशी तासाला किती वॉल तयार होते ते मोजा, केबल दुरुस्तीला लागलेल्या सर्वांत मोठ्या वेळेने गुणा आणि वर निम्मी भर टाका. मर्यादा ओलांडली तर प्रत नव्याने उभारावी लागू शकते, हे व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवा. प्रत नव्याने उभारता येते. थांबलेल्या उत्पादनाचे तास परत येत नाहीत. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या तरी त्या एकाच चरातून येत नाहीत ना, हे मार्गाचा नकाशा मागून तपासा.

४. दोन्ही प्रती एकाच संकटाच्या आवाक्यात ठेवू नका.
११ जानेवारी २०२० रोजी तारापूरमधल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि दूरच्या गावांनाही हादरा बसला. अशा वेळी रस्ते बंद होतात. आपला सर्व्हर सुखरूप असूनही त्याच्यापर्यंत जाता येईलच असे नसते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीने भूकंपाच्या धक्क्यांची मालिका पाहिली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले. एकाच आवारातल्या दोन इमारती म्हणजे एकच जागा समजा. मुंबईही याच किनाऱ्यावर आहे. म्हणून तिसरी प्रत पुण्याला किंवा नागपूरला असावी. कंपन्यांच्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, असे २०२२ पासून नियमच सांगतो.

५. रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे.
अट न घालता चालवलेला एक अपडेट क्षणात सगळ्या प्रतींवर पोहोचतो. म्हणून मूळ बॅकअप आणि त्यानंतरच्या वॉल फाइली वेगळ्या जपा, म्हणजे हव्या त्या मिनिटापर्यंत मागे जाता येते. काही तास मुद्दाम मागे ठेवलेली एक प्रतही उपयोगी पडते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसचे फोल्डर चुकून पुसले गेले. रोजचा बॅकअप आवृत्त्या न जुळल्याने तयारच होत नव्हता आणि तसे सांगणारे मेल पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटवरून त्यांना परतावे लागले. बॅकअप दर महिन्याला दुसऱ्या मशीनवर उतरवा, ओळी मोजा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा.

६. सूत्रे कोणाकडे जातील, हे शांत वेळी ठरवा.
२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या तशाच सेवेच्या नेटवर्क केंद्राचा आणि मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने दूरच्या सर्व्हरला मुख्य केले, दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी पडल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला चोवीस तासांहून अधिक लागले. एकाच आवारात आपोआप बदल चालेल. बोईसरहून मुंबईला सूत्रे देण्याचा निर्णय जबाबदार माणसाने घ्यावा, आणि जुना मुख्य सर्व्हर बंद असल्याची खात्री आधी करावी.

७. पाळी बदलताना डेटाबेसही हाती सोपवा.
बॉयलर ऑपरेटर पुढच्या पाळीला दाब आणि पातळी लिहून देतो. आपणही चार गोष्टी लिहून द्याव्यात: प्रत किती मागे आहे, डिस्क किती भरली आहे, शेवटचा बॅकअप कधी झाला, शेवटचा रिस्टोअर कोणी करून पाहिला. पालघर-डहाणूच्या कॉलेजांतून आलेल्या नव्या मुलामुलींना ही वही पहिल्या दिवसापासून भरायला द्या आणि पुढचा रिस्टोअर त्यांच्या हातून करून घ्या. ज्या दिवशी आपण रजेवर असताना त्यांनी डेटाबेस परत उभा केला, त्या दिवशी ही व्यवस्था कारखान्याची झाली असे समजा.