ओला पाय, सुकी दांडी : खुर्चीच्या सांध्यातून धंद्याचा धडा

खुर्ची डगमगू लागली की गिऱ्हाईक सुताराला नावे ठेवते, सुतार वखारवाल्याला नावे ठेवतो आणि वखारवाला पावसाळ्याला. दोष बहुधा सांध्यात असतो, आणि सांध्यातला दोष म्हणजे लाकडातल्या पाण्याचा चुकलेला हिशेब. हा हिशेब इंग्लंडच्या खेड्यांतील कारागिरांना वीज, मशीन किंवा चांगला सरस हाताशी नसताना पक्का ठाऊक होता. झाड तोडून ओल्या लाकडाचीच खुर्ची करण्याचा त्यांचा हुन्नर आज पुन्हा शिकविला जात आहे. आमच्या सुतार, कातारी आणि फर्निचरचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी त्यापासून दोन धडे घ्यावेत असे आम्हांस वाटते. एक धडा लाकडाचा आहे, दुसरा पैशाचा. दुसरा अधिक मोलाचा आहे, पण पहिला समजल्याशिवाय तो समजणार नाही.

लाकडातले पाणी

नुकत्याच तोडलेल्या झाडात पाणी भरपूर असते. ते सुकू लागले की आधी रेषांच्या पोकळीतले मोकळे पाणी जाते. तोवर लाकूड आकसत नाही. पाण्याचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास उतरले की मग रेषांच्या अंगातले पाणी जाऊ लागते आणि आकसणे सुरू होते. हे आकसणे सगळीकडे सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. गाभ्याकडून सालीकडे थोडे असते, आणि वर्षागणिक पडणाऱ्या कड्यांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून ओल्या लाकडाचा गोल कातलेला पाय सुकल्यावर किंचित अंडाकृती होतो.

यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे लाकूड आधी सुकवायचे आणि मग हत्यार लावायचे. फळी, दार, कपाट यांना हेच योग्य आहे. इंग्लंडमधील जुना ठोकताळा असा की एक इंच जाडीला एक वर्ष सुकवण. पण वर्षभर वखारीत पडून राहिलेले लाकूड म्हणजे वर्षभर अडकलेले भांडवल. ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याने काय करावे? या प्रश्नाला इंग्लंडच्या जंगलातील कारागिरांनी आपल्या हातांनी उत्तर दिले.

चिल्टर्नच्या जंगलातील कातारी

लंडनच्या वायव्येला बकिंगहॅमशायर परगण्यात चिल्टर्न नावाचे डोंगर आहेत. तेथे बीच नावाच्या झाडांची दाट जंगले होती, आणि पायथ्याशी हाय वायकम हे खुर्च्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात तेथे 'विंडसर' जातीच्या खुर्च्यांचे कारखाने वाढले. १८७० च्या दशकात हे एकटे गाव दिवसाला सुमारे ४,७०० खुर्च्या तयार करीत होते. तेथील फुटबॉल संघाला आजही 'चेअरबॉइज' म्हणजे खुर्चीवाली पोरे म्हणतात.

या खुर्चीत प्रत्येक भागाला वेगळे लाकूड. बैठक एल्मच्या जाड फळीची, कारण एल्मच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्याने भोके पाडली तरी ती सहसा फुटत नाही. पाठीची कमान अ‍ॅश किंवा यू या लाकडाची, वाफेवर वाकविलेली. पाय आणि पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या बीचच्या. जसे लाकूड वेगळे तसा कारागीरही वेगळा. बैठक वाकसाने कोरणारा एक, करवतीचे भाग काढणारा दुसरा, सारे जुळवून खुर्ची उभी करणारा तिसरा. पाय आणि दांड्या कातणारे गावात नसून जंगलातच काम करीत. त्यांना पुढे 'बॉजर' हे नाव पडले.

बॉजर उभी झाडे विकत घेई. झाड पाडून पायाच्या मापाचे ठोकळे करवतीने कापी आणि मग करवत बाजूला ठेवी. ठोकळा उभा करून पाचर व मोगरीने तो रेषेच्या अंगाने फोडी, कुऱ्हाडीने अंदाजे आकार देई. नंतर पायाने दाबून लाकूड पकडणाऱ्या लाकडी घोडीवर बसून, दोन मुठींची सुरी स्वतःकडे ओढत तो तुकडा गोलाईला आणी. शेवटी कातकाम. त्याचा लेथ म्हणजे डोक्यावर लवचीक लांब काठी, तिला बांधलेली दोरी, दोरीचा एक वेढा लाकडाभोवती आणि खाली पायपट्टी. पाय दाबला की लाकूड अंगाकडे फिरे, तेव्हा पटाशी लावायची. पाय उचलला की काठी दोरी परत ओढी, तेव्हा पटाशी मागे घ्यायची.

ओले लाकूड मऊ असल्याने त्यावर हातहत्यार झपझप चालते. फोडलेल्या तुकड्यात रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. करवत मात्र रेषेची पर्वा करीत नाही. रेषा तिरपी असेल तर ती कापूनच जाते, आणि अशी दांडी नेमकी तेथेच मोडते. म्हणून फोडून केलेला पाय बारीक असूनही मजबूत असे. कातलेले पाय मोकळ्या हवेत रचून ठेवले की काही आठवड्यांत सुकत आणि वायकमला रवाना होत. एक इंचाला एक वर्ष थांबण्याची गरजच उरत नसे.

सांधा का धरतो?

शिडीसारख्या पाठीची, दोरीने किंवा गवताने विणलेल्या बैठकीची खुर्ची ही इंग्लंड-अमेरिकेतील दुसरी जुनी जात. हिच्यात सगळा भार पाय आणि दांडीच्या सांध्यावर. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात वकिली केलेल्या जेनी अलेक्झांडर यांनी जुन्या खुर्च्या तपासून या सांध्याचा अभ्यास केला. 'मेक अ चेअर फ्रॉम अ ट्री' हे त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये आले. ओल्या लाकडाचे काम पुन्हा शिकविले जाऊ लागले, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

तत्त्व सोपे आहे. दांडी अगदी सुकी करायची, पाय मात्र थोडा ओला ठेवायचा. सुक्या दांडीचे कुसू पायाच्या भोकात ठोकून बसवायचे. पुढे पाय सुकतो, आकसतो आणि कुसवाला आवळतो. दांडीला आणखी आकसण्यासारखे काही उरलेले नसते. उलट ती हवेतली ओल घेऊन किंचित फुगते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवितात आणि निवताना ती चाकाला आवळते, हे आपल्या बांधवांना ठाऊकच आहे. तोच न्याय येथे आहे. उष्णतेचे काम फक्त पाण्याने केले.

उलट केले तर काय होते? दांडी ओली आणि पाय सुका असेल तर दांडी भोकात आकसते, कुसू सैल होते आणि खुर्ची वर्षाच्या आत कुरकुरू लागते. सरस कितीही ओतला तरी लाकडाचे हलणे थांबत नाही.

आणखी एक बारकावा. पाय लांबीत आकसत नाही, म्हणून भोकाची उंची जवळपास तीच राहते. तेव्हा दांडीची कमी हलणारी बाजू, म्हणजे गाभ्याकडून सालीकडची दिशा, पायाच्या उंचीशी जुळेल अशी दांडी फिरवून बसवायची. शिवाय बाजूच्या दांडीचे भोक असे पाडायचे की ते पुढच्या दांडीच्या कुसवाला जरासे चाटून जाईल. मग एक दांडी दुसरीला आतून अडकवून ठेवते.

हिशेब कोणाच्या बाजूला?

आता पैशाचा धडा. बॉजरचे काम उत्तम होते, भांडवल कमी लागे, आणि तो कोणाचा नोकर नव्हता. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा जवळजवळ संपला. केवळ मशीन आले म्हणून संपला असे म्हणणे अपुरे आहे.

बॉजर पाय आणि दांड्या ग्रोसवर विकी. ग्रोस म्हणजे १४४ नग. चार पायांच्या हिशेबाने ३६ खुर्च्यांची बेगमी. झाडे आधी घ्यायची, पैसे आधी गुंतवायचे, पाऊस-थंडी सोसायची. आणि शेवटी भाव ठरवायचा कारखानदाराने. विकणारे अनेक, घेणारे मोजके. खुर्चीवर बसणाऱ्याला बॉजरचे नाव ठाऊक नाही, आणि त्याच्या पायाची रेषा अखंड आहे हेही ठाऊक नाही. जो गुण शेवटच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्या गुणाचा पैसा कारागिराला मिळत नाही. पुढे कारखान्यातील लेथवर करवतीच्या लाकडाचा पाय स्वस्तात निघू लागला, तेव्हा तुलना फक्त भावाची झाली, मजबुतीची झाली नाही. फोडलेला पाय अधिक चांगला होता, पण ते सांगायला बॉजर दुकानात हजर नव्हता.

दुसरी वाट

त्याच देशातील हेरफर्डशायर परगण्यात बॉसबरी गावी फिलिप क्लिसेट (१८१७–१९१३) नावाचा कारागीर होता. तो पाय विकत नसे. ओंडक्यापासून बैठकीपर्यंत पूर्ण खुर्ची तयार करून तीच विकी. लंडनच्या वास्तुकारांच्या नजरेला त्याचे काम पडले आणि तेथून मागणी आली. १८९० मध्ये अर्नेस्ट गिमसन हे तरुण वास्तुकार त्याच्याजवळ हे काम शिकायला गेले. पुढे गिमसन यांच्या नमुन्यांवर एडवर्ड गार्डिनर यांनी खुर्च्या केल्या, गार्डिनर यांच्याकडे नेव्हिल नील शिकले, आणि त्यांच्याकडून मुलगा लॉरेन्स नील. वॉरविकशायरमधील या कारखान्यात पुढे दोन तरुण शागीर्दांनी लॉरेन्स यांच्याकडून काम शिकून घेतले. क्लिसेटला जाऊन शंभरावर वर्षे झाली, पण खुर्चीची ही साखळी तुटली नाही.

क्लिसेटचा हात बॉजरपेक्षा फार वेगळा होता असे नाही. फरक एवढाच की खुर्ची घेणारा आणि खुर्ची करणारा एकमेकांना ओळखत होते. दुसरे असे की प्रत्येक उस्तादाने आपल्यानंतर एक तरी माणूस तयार केला. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये पायलेथवर काम करणाऱ्यांनी आपली संघटना उभारली. बॉजरची विद्या टिकली ती शिकविली गेल्यामुळे. ग्रोसचा भाव मात्र परत आला नाही.

आपण काय घ्यावे

हा हुन्नर जशास तसा उचलण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. आपले लाकूड वेगळे, हवा वेगळी. पुढील गोष्टी मात्र कोणत्याही कारखान्यात करून पाहता येतील.

१) दांडी सुकली की नाही हे हाताने ओळखू नका, काट्यावर तोला. उबदार पेटीत ठेवलेल्या दांडीचे वजन दोन-तीन दिवस घटले नाही म्हणजे तेथे ती सुकायची तेवढी सुकली. कुसू त्यानंतरच पाडा.

२) लाकूड सरळ रेषेचे, बिनगाठीचे घ्या. साग मुळातच कमी आकसतो. हा त्याचा मोठा गुण आहे, पण म्हणूनच ओल्या सागाच्या पायाकडून बीचएवढ्या आवळण्याची अपेक्षा करू नका.

३) सालीजवळचे पांढरे लाकूड टाळा, त्याला कीड लवकर लागते.

४) कोकणच्या पावसाळ्यात सुकी दांडी फार फुगते, भोकात दबते आणि उन्हाळ्यात सैल होऊ शकते. म्हणून नवा नमुना एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्याशिवाय बाजारात आणू नका.

५) झाड स्वतःच्या जमिनीतले असले तरी १९६४ चा वृक्षतोड कायदा आणि शहरात १९७५ चा वृक्ष कायदा लक्षात ठेवा. परवानगी घेऊनच कुऱ्हाड लावा, किंवा वखारीतून पावतीसह ओला ओंडका घ्या.

आणि पैशाचे? नगावर काम करणाऱ्या कारागिराने ते एकदम सोडावे असे आम्ही म्हणत नाही. घरची चूल त्यावर पेटते. पण महिन्यातून एक तरी वस्तू पूर्ण स्वतःची, स्वतःचे नाव कोरलेली आणि स्वतः ठरविलेल्या भावाने विकावी. लाकूड, दिवस, पॉलिश यांचा खर्च वहीत लिहावा, म्हणजे नगाचा भाव आपल्याला परवडतो की आपण पदरचे घालतो हे कळेल. गिऱ्हाइकाला सांधा दाखवावा, रेषा दाखवावी, ही दांडी का मोडणार नाही ते समजावून सांगावे. व्यापारी बांधवांनीही मालावर कारागिराचे नाव येऊ द्यावे. त्यात दुकानाचे नुकसान नाही. दुरुस्तीला परत येणारी खुर्ची कमी होते आणि नावाने मागणारे गिऱ्हाईक वाढते.

पायाने आकसून दांडीला धरावे आणि दांडीने पायाला उभे ठेवावे, तेव्हा खुर्ची टिकते. कारागीर आणि व्यापारी यांचा सांधाही असाच असतो. त्यात एकट्यानेच आकसत राहायचे असेल तर तो सांधा फार काळ टिकत नाही. चिल्टर्नच्या जंगलात नेमके तेच झाले.